प्लेटलेटच्या आकड्यामागची महापेशी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस निफाड तालुक्यातील एक तरुण द्राक्षबागायतदार आपल्या आईला घेऊन नाशिकच्या ठक्कर बाजारच्या स्टँडवरून थेट आमच्या प्रयोगशाळेत आला. त्याच्या हातात तपासण्यांची जाडजूड फाइल होती आणि आईच्या दोन्ही हातांवर सुई टोचल्याच्या जागी जांभळे डाग उमटलेले होते. "मॅडम, आईच्या पेशी बावन्न हजारांवर आल्या आहेत," तो म्हणाला. "डेंग्यूची तपासणी दोनदा केली, दोन्ही वेळा निगेटिव्ह आली. मग बोन मॅरो काढला. त्यात लिहिलंय की प्लेटलेट बनवणाऱ्या पेशीच बिघडलेल्या आहेत. म्हणजे हा ब्लड कॅन्सरच ना?" आई शेजारच्या बाकावर गळ्यातली तुळशीची माळ बोटांत धरून बसली होती आणि आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होती.

या प्रश्नाचे उत्तर केवळ रिपोर्टमधील एका वाक्यावरून देता येत नाही, आणि देऊही नये. अस्थिमज्जेतील, म्हणजे हाडाच्या आतल्या मऊ भागातील (बोन मॅरो), पेशी बिघडलेल्या दिसणे ही एक खूण आहे. ती खूण कॅन्सरमध्ये सापडते, तशीच साध्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही सापडते. हा फरक कसा पडतो ते समजण्यासाठी प्लेटलेट जिथे तयार होते तिथपर्यंत जावे लागते.

आपल्याकडे सिडको, सातपूर, पंचवटी अशा कोणत्याही भागात डेंग्यूची साथ सुरू झाली की "पेशी किती आहेत?" हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. अनेकांचा समज असा असतो की कमी होणाऱ्या या पेशी म्हणजे पांढऱ्या पेशी. वास्तविक बोलणे प्लेटलेटविषयी चाललेले असते, आणि प्लेटलेट ही काटेकोरपणे पाहिल्यास पेशीसुद्धा नव्हे. तो एका मोठ्या पेशीपासून सुटलेला, केंद्रक नसलेला, दोन ते तीन मायक्रोमीटर आकाराचा तुकडा असतो. रक्तवाहिनीला कुठे इजा झाली की हे तुकडे त्या जागी चिकटतात, एकमेकांना धरून ठेवतात आणि गळती बुजवतात. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात ते साधारण दीड लाख ते साडेचार लाख असतात. प्रत्येकाचे आयुष्य जेमतेम सात ते दहा दिवसांचे, त्यामुळे शरीराला रोज सुमारे दहा हजार कोटी नवे तुकडे तयार करावे लागतात.

हे काम करणाऱ्या पेशीचे शास्त्रीय नाव मेगाकॅरिओसाइट. विल्यम हॉवेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९० मध्ये हे नाव दिले. ग्रीक भाषेतील त्याचा अर्थ मोठ्या केंद्रकाची पेशी असा होतो. सोयीसाठी या लेखात मी तिला महापेशी म्हणते, कारण सूक्ष्मदर्शकाखाली अस्थिमज्जेची काच ठेवल्यावर सर्वांत आधी नजरेत भरते ती हीच. तांबड्या पेशीचा व्यास सात-आठ मायक्रोमीटर असतो, तर महापेशी पन्नास ते शंभर मायक्रोमीटरपर्यंत वाढते. संख्येने मात्र ती फार थोडी असते. मज्जेतील हजार पेशींमागे एखादीसुद्धा सापडेलच असे नाही.

तिचे मोठेपण येते ते एका विलक्षण पद्धतीमुळे. इतर पेशी आपले गुणसूत्रांचे संच दुप्पट करतात आणि मग दोन भागांत विभागतात. महापेशी संच दुप्पट करते, पण विभागत नाही. पुन्हा दुप्पट करते, पुन्हा तशीच राहते. आपल्या शरीरातील सर्वसाधारण पेशीत असे दोन संच असतात, तर पूर्ण वाढलेल्या महापेशीत बहुधा सोळा आणि क्वचित चौसष्टपर्यंत संच एकाच केंद्रकात साठलेले असतात. म्हणूनच ते केंद्रक गोल न राहता एकमेकांना जोडलेल्या फुगीर पाळ्यांचे बनते. पेशी अशी पोसली गेली की ती मज्जेतील बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीला लागून बसते, भिंतीच्या फटीतून आपल्या अंगाचे लांब तंतू आत प्रवाहात सोडते, आणि त्या तंतूंवर ठरावीक अंतराने गाठी दिसू लागतात. नाशिकच्या वाचकाला हे समजावताना मला नेहमी द्राक्षाच्या घडाची आठवण होते: देठावर मणी धरावेत तशा या गाठी धरतात, आणि रक्ताच्या ओघाने एकेक करून सुटतात. सुटलेला प्रत्येक मणी म्हणजे एक प्लेटलेट. एका महापेशीपासून अशा हजारो प्लेटलेट निघतात. शेवटी उरलेले रिकामे केंद्रक मज्जेतील सफाई करणाऱ्या पेशी गिळून टाकतात.

प्लेटलेट हा रक्ताचा स्वतंत्र घटक आहे हे इटलीतील ज्युलिओ बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये दाखवले होते, पण ती येते कुठून याचा उलगडा व्हायला आणखी जवळजवळ पाव शतक जावे लागले. बोस्टनमधील जेम्स होमर राइट यांनी स्वतः तयार केलेल्या रंगाने मज्जेचे छेद रंगवले, तेव्हा महापेशीच्या अंगातील कण आणि प्लेटलेटमधील कण हुबेहूब सारखे दिसले, आणि त्यावरून त्यांनी १९०६ मध्ये दोघींचे नाते सांगितले. आजही आपल्या प्रयोगशाळांत रक्ताच्या काचेवर त्याच कुळातले जांभळट-निळे रंग वापरले जातात.

महापेशींनी किती काम करायचे हे ठरवणारा संदेशवाहक यकृतात तयार होतो. त्याचे नाव थ्रॉम्बोपोएटिन. यकृत तो सतत सोडत असते आणि रक्तातील प्लेटलेट त्याला पकडून संपवत असतात. प्लेटलेट पुरेशा असल्या तर संदेश मज्जेपर्यंत थोडाच पोहोचतो; त्या कमी झाल्या की पकडणारे कमी पडतात, संदेश जास्त उरतो आणि मज्जेतील उत्पादन वाढते. वेगळा मोजणारा कुणी नसतानाही हिशेब जुळत राहतो, ही मला या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. यकृत सुकलेल्या रुग्णाच्या प्लेटलेट का घटतात याचे उत्तरही काही अंशी इथेच आहे: संदेश कमी तयार होतो, आणि त्यात भर म्हणजे वाढलेली प्लीहा (पोटातील डावीकडची पाणथरी) नेहमीपेक्षा जास्त प्लेटलेट स्वतःमध्ये अडकवून ठेवते.

आता आकडा कमी आला म्हणजे काय झाले असेल? पहिली शक्यता अशी की तो आकडाच खोटा असेल. रक्तगणनेची नळी जांभळ्या झाकणाची असते आणि तिच्यात रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचे रसायन असते. काही माणसांच्या रक्तात याच रसायनामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात, आणि यंत्राला तो गठ्ठा प्लेटलेट म्हणून ओळखता येत नाही. माणूस ठणठणीत असतो, रिपोर्टमध्ये मात्र तीस हजार छापून येतात. काचेवर रक्ताचा पातळ थर पसरून डोळ्यांनी पाहिले की गठ्ठे लगेच दिसतात, आणि निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतले की बहुधा खरा आकडा मिळतो. अंगावर एकही डाग नसताना अचानक फार कमी आकडा आला, तर धावपळ करण्याआधी "काच पाहिली का?" एवढे जरूर विचारावे.

आकडा खरा असेल तर पुढचा प्रश्न असा की माल कमी तयार होतो आहे की तयार झालेला नष्ट होतो आहे. नष्ट होण्याचे ठळक उदाहरण म्हणजे आयटीपी हा आजार. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेटवर प्रतिपिंडांची खूण करते आणि प्लीहा त्यांना गाळून नष्ट करते. हे कारण रक्तात फिरणाऱ्या घटकात आहे, हे सिद्ध करण्यासाठी १९५० मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरांनी या आजाराच्या रुग्णाचे रक्त स्वतःच्या शिरेत चढवून घेतले. काही तासांतच त्यांच्या प्लेटलेट धोकादायक पातळीपर्यंत कोसळल्या, त्यांना झटका आला, अंगावर रक्ताचे ठिपके उमटले, आणि काही दिवसांनी आकडा हळूहळू पूर्ववत झाला. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, परंतु त्यातून मिळालेल्या ज्ञानावर आपली उपचारपद्धती उभी आहे. आयटीपीच्या रुग्णाची मज्जा तपासली तर महापेशी भरपूर दिसतात, नेहमीपेक्षा जास्तही असतात आणि त्यांतील काही कोवळ्या वाटतात. तरीही त्यांच्यात मूळचा बिघाड नसतो. त्यामुळे बाकी रक्तगणना व्यवस्थित असलेल्या नेहमीच्या आयटीपीत मज्जेची तपासणी बहुतेक वेळा करावीही लागत नाही.

डेंग्यूत दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या घडतात. विषाणू सुरुवातीचे काही दिवस मज्जेचे काम मंदावतो आणि पुढे प्लेटलेट नष्टही होतात, पण महापेशी शाबूत असल्याने ताप उतरल्यानंतर काही दिवसांत आकडा आपोआप चढतो. डेंग्यूत जीवाला खरा धोका असतो तो रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा. नातेवाइकांनी आकड्यासाठी रात्रभर रक्तपेढ्यांच्या पायऱ्या झिजवाव्यात आणि रुग्णाचे पोट दुखणे, सतत उलट्या होणे, हातपाय गार पडणे याकडे दुर्लक्ष व्हावे, हे मी पाहिलेले आहे आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

मज्जेच्या रिपोर्टमध्ये "महापेशी विकृत" असे लिहिताना आम्ही नेमके काय पाहिलेले असते, ते आता सांगते. रुग्णाला कुशीवर झोपवून कमरेच्या मागच्या हाडाजवळची जागा बधिर करतात. सुईने आधी पातळ मज्जा ओढून घेतात, तेव्हा काही सेकंद आतून जोरात ओढल्यासारखी कळ येते. मग जरा जाड सुईने हाडाचा काडीसारखा बारीक तुकडा काढतात. पातळ मज्जा काचेवर पसरून रंगवली की एक-दोन दिवसांत पाहता येते. हाडाचा तुकडा आधी मऊ करावा लागतो, म्हणून त्याच्या रिपोर्टला आणखी काही दिवस लागतात. अनेकांना हा उशीर निष्काळजीपणा वाटतो, पण तो या कामाचाच भाग आहे. आम्ही किमान तीस महापेशी एकेक करून पाहतो: त्या किती आहेत, केवढ्या आहेत, केंद्रकाला पाळ्या आहेत का, आणि हाडाच्या तुकड्यात त्या विखुरलेल्या आहेत की घोळक्याने बसल्या आहेत. दहातली एखादी वेगळी दिसली म्हणून लगेच निष्कर्ष काढत नाहीत. दहा टक्क्यांहून कमी पेशी बिघडलेल्या असतील तर त्याला आजाराची खूण मानत नाहीत.

बिघाडाचे प्रकारही बोलके असतात. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, म्हणजे ज्यात मज्जेतील मूळ पेशीतच दोष निर्माण होऊन रक्ताचे घटक नीट पिकत नाहीत अशा आजारात, महापेशी खुजी राहते. तिच्या केंद्रकाला पाळ्या फुटत नाहीत. एकच गोल केंद्रक दिसते, किंवा एकमेकांपासून सुटी झालेली तीन-चार बारीक केंद्रके दिसतात. अशी पेशी प्लेटलेट कमी तयार करते, आणि ज्या तयार होतात त्यांचेही काम अनेकदा कच्चे असते. हा आजार मुख्यतः उतारवयातला आहे आणि काही रुग्णांत पुढे तीव्र रक्तकर्करोगात बदलतो. याच गटातील एका प्रकारात पाचव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असतो. त्यात महापेशी एकपाळी असूनही प्लेटलेट बऱ्याचदा भरपूर असतात, आणि लेनालिडोमाइड या गोळीने अनेक रुग्णांची रक्त चढवण्याची गरज संपते. केवळ आकड्यावर विसंबलेल्या माणसाला हा प्रकार सापडणारच नाही.

याउलट इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया या आजारात महापेशी अवाढव्य होतात आणि त्यांच्या केंद्रकाला सांबराच्या शिंगासारखे फाटे फुटतात. प्लेटलेट साडेचार लाखांच्या वर, कधी दहा-पंधरा लाखांपर्यंत जातात. यामागे जीन्समधील बदल असतात: सुमारे निम्म्या किंवा त्याहून अधिक रुग्णांत २००५ मध्ये सापडलेला जॅक-टूचा बदल आढळतो, तर उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांत २०१३ मध्ये उजेडात आलेला कॅलआरचा बदल आढळतो. या बदलांमुळे थ्रॉम्बोपोएटिनचा संदेश आलेला नसतानाही पेशीला तो आल्यासारखा वाटतो आणि ती काम करतच राहते. इथे भीती असते ती नको तिथे गुठळी होण्याची. म्हणून रुग्णाचे वय आणि आधी गुठळी झाली होती का हे पाहून अल्प मात्रेतील अ‍ॅस्पिरिन आणि गरज पडल्यास प्लेटलेट कमी करणारे हायड्रॉक्सियुरिया देतात. आकडा फारच वाढला तर उलट रक्तस्रावही होऊ शकतो, त्यामुळे अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने सुरू करू नये. इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी: आपल्याकडे पाच-सहा लाख प्लेटलेट आलेल्या बहुतेक स्त्रियांना हा आजार नसतो. लोहाची कमतरता, जुना जंतुसंसर्ग किंवा सूज यांमुळेही आकडा वाढतो, आणि मूळ कारणावर उपचार केले की तो उतरतो.

तिसरा प्रकार मायलोफायब्रोसिस. यात महापेशी घोळक्याने बसतात, त्यांची केंद्रके गडद आणि ढगासारखी फुगीर दिसतात, आणि त्या अशी रसायने सोडतात की आजूबाजूच्या निरोगी पेशी धाग्यांचे जाळे विणू लागतात. हळूहळू मज्जेची जागा या तंतूंनी भरते. सुईने मज्जा ओढायला जावे तर हाती काहीच लागत नाही. अनेक कुटुंबांना वाटते की तपासणी फसली, परंतु कोरडी आलेली सुई हाच एक पुरावा असतो. हाडाच्या तुकड्याला चांदीच्या क्षारांचा रंग दिला की काळे तंतू जाळ्यासारखे स्पष्ट होतात. मज्जेत जागा उरली नाही की रक्त तयार करण्याचे काम प्लीहेकडे सरकते, आणि ती इतकी वाढते की रुग्णाला चार घास खाल्ल्यावरच पोट भरल्यासारखे होते. रक्ताच्या काचेवर तांबड्या पेशी अश्रूच्या थेंबासारख्या लांबट दिसतात. एका पेशीच्या बिघाडाने सगळे शेजार कसे बदलून जाते, हे या आजाराइतके स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाही.

लहान मुलांविषयी थोडेच सांगते, कारण हे आजार विरळ आहेत. काही बाळांत थ्रॉम्बोपोएटिनचा संदेश घेणारा पेशीवरील ग्राहकच (रिसेप्टर) जन्मतः सदोष असतो आणि त्यामुळे मज्जेत महापेशी जवळजवळ नसतात. डाउन सिंड्रोम असलेल्या काही नवजात बाळांच्या रक्तात महापेशींच्या कुळातील अपक्व पेशी मोठ्या संख्येने आढळतात. रिपोर्ट पाहून रक्तकर्करोगाचीच शंका येते, पण त्यांतील बहुतेक बाळांत त्या पेशी काही आठवड्यांत आपोआप नाहीशा होतात. मात्र काहींना पुढच्या तीन-चार वर्षांत खरोखरच ल्युकेमिया होऊ शकतो, म्हणून अशा मुलांची रक्ततपासणी चुकवू नये.

आता निफाडच्या त्या आईकडे परत येते. तिच्या मज्जेच्या काचा मी पुन्हा पाहिल्या. महापेशी खरोखरच विचित्र होत्या; केंद्रकांना नको तेवढ्या पाळ्या होत्या, काही पाळ्या सुटलेल्या होत्या. परंतु शेजारच्या तांबड्या पेशींची पिल्ले, म्हणजे अजून न पिकलेल्या पेशी, आकाराने मोठी होती आणि त्यांची केंद्रके कोवळी, चाळणीसारखी दिसत होती, तर पांढऱ्या पेशींत पाच-सहा पाळ्यांची केंद्रके होती. हे चित्र बी-बारा जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे असते. बी-बारा नसेल तर डीएनए वेळेवर तयार होत नाही, आणि डीएनएची सर्वांत जास्त गरज असणारी महापेशी त्यात भरडली जाते. पहिल्या रिपोर्टमध्ये बिघाडाचे वर्णन बरोबर होते; रुग्णाविषयी मात्र तिथे कुणी काही विचारलेले नव्हते.

"आई, जेवणात काय काय असतं तुमच्या?" मी विचारले.

"माळकरी आहे ना मी," त्या म्हणाल्या. "अंडंसुद्धा नाही. आणि दूध मला पचत नाही, म्हणून बारा वर्षं झाली, चहासुद्धा कोराच."

मुलाने फाइल उघडून औषधांचा कागद पुढे केला. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी आठ वर्षांपासून चालू होती, आणि त्या गोळीने बी-बारा कमी शोषले जाते. पायांना मुंग्या येतात, अंधारात चालताना तोल जातो, या तक्रारी त्यांनी आजवर कुणाला सांगितल्याच नव्हत्या, कारण त्या वयामुळे असतील असे त्यांना वाटत होते. रक्तातील बी-बाराची पातळी यंत्राच्या किमान मर्यादेच्या जवळ आली.

त्यांच्या डॉक्टरांशी बोलणे झाले आणि त्याच दिवशी इंजेक्शने सुरू झाली. आठवडाभरात नव्या तांबड्या पेशींची संख्या वाढलेली दिसली, आणि तिसऱ्या आठवड्यात प्लेटलेट १,७४,००० आल्या. तो आकडा यंत्राने दिला होता, तरी मी काच पाहिली. गठ्ठे नव्हते, प्लेटलेट सुट्या आणि चांगल्या आकाराच्या होत्या. मुलाने फोनवर पहिली गोष्ट विचारली ती अशी की मज्जा पुन्हा काढावी लागेल का. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी नाही म्हटले; रक्तगणना दोन महिन्यांनी आणि मग सहा महिन्यांनी करायची, आणि मेटफॉर्मिन चालू आहे तोवर बी-बाराचे इंजेक्शन सोडायचे नाही. हातावरचे डाग गेले होते, पायांच्या मुंग्या मात्र अजून होत्या. नसांना बरे व्हायला रक्तापेक्षा जास्त वेळ लागतो, हे मी त्याला आईला नीट समजावून सांगायला सांगितले.